रेस्क्यू मांजराला फॉस्टर करायचंय? एक खोली, एक वजनकाटा आणि एक वही लागते

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. फॉस्टर होम म्हणजे रेस्क्यू केलेल्या मांजराला कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळणारं घर, त्या सातातलं एक, मधलं. शेवटचं नाही. हे एवढं मनात पक्कं बसलं ना की बाकी सगळं शिकता येतं, लिटर (मांजराच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये घालायची माती) साफ करणं काय, औषध पाजणं काय, हळूहळू हात बसतो. पण हेच नाही बसलं तर पहिल्याच पिल्लात जीव अडकतो, मग दुसरं राहतं, मग तिसरं, आणि वर्षाच्या आत घर भरतं आणि पुढच्या पिल्लासाठी फोन येतो तेव्हा जागाच नसते. मी बरीच वर्षं हे करतेय, नवीन लोक विचारतात तेव्हा दर वेळी तुकड्यातुकड्यात सांगितलं जातं, म्हणून आज सगळं एका जागी लिहून काढते.

आधी बोलणी. ज्या संस्थेकडून किंवा रेस्क्यू करणाऱ्या माणसाकडून मांजर घेताय त्यांच्याशी मांजर घरी यायच्या आधीच बोलून घ्या, आणि जे ठरेल ते मेसेजमध्ये लिहून ठेवा, नुसतं तोंडी नको. खाणं, लिटर, औषधं यांचा खर्च कोण करणार, कोणत्या व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, न्यायचं, रात्री-अपरात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा, साधारण किती दिवस ठेवायचंय, कायमचं घर शोधायचं काम कोणाचं आणि शेवटचा शब्द कोणाचा, आणि तुम्हाला अचानक बाहेरगावी जावं लागलं किंवा तुम्हीच आजारी पडलात तर मांजर परत कोण घेणार. पैशाचं बोलायला लोकांना फार संकोच वाटतो, पण तिथेच नंतर सगळ्यात जास्त कटुता येते, त्यामुळे आधी बोला. घरातल्या सगळ्यांचा होकार हवा, आणि "बरं, कर तुला काय करायचं ते" हा होकार नव्हे. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून घ्या. कोणाला दमा किंवा ऍलर्जीची शंका असेल तर आधी मांजर असलेल्या एखाद्या घरी दोन-तीनदा जाऊन बसून बघा. घरात कोणी गरोदर असेल तर लिटर दुसऱ्या कोणीतरी साफ करायचं आणि रोजच्या रोज करायचं, कारण टॉक्सोप्लाझ्मा हा पोटातल्या बाळाला धोकादायक परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला कमीत कमी एक दिवस लागतो, रोज साफ केलं की धोका पुष्कळ कमी होतो.

आता कोणतं मांजर घ्यायचं. पहिल्यांदा करताय तर माझं अगदी मनापासून सांगणं आहे की दुधावरची, आई नसलेली पिल्लं घेऊ नका. फोटो बघून तीच घ्यावीशी वाटतात हे मला माहितीये, पण ती पहिल्यांदा करायची गोष्ट नाही, रात्रीची झोप तर जातेच पण एवढ्या लहान पिल्लांत दगावण्याचं प्रमाणही जास्त असतं आणि पहिल्याच अनुभवात असं झालं की माणूस परत या कामाकडे वळत नाही. एखादं शांत मोठं मांजर घ्या, नाहीतर आठ-दहा आठवड्यांची, स्वतः खाणारी दोन पिल्लं घ्या. हो, एकापेक्षा दोन सोपी, ती एकमेकांशी मस्ती करतात, चावायचं किती हे एकमेकांकडून शिकतात, एकटं पिल्लू ते सगळं तुमच्या हातावर शिकतं. ऑपरेशन झालेलं मांजर बरं होईपर्यंत सांभाळणं हेही सुरुवातीला चांगलं काम आहे, मुदत ठरलेली असते.

खोली छोटीच हवी. मोठा हॉल दिला म्हणजे मांजराला छान वाटेल असं आपल्याला वाटतं पण घाबरलेल्या जीवाला मोठी जागा म्हणजे लक्ष ठेवायला जास्त कोपरे. एखादी जादाची खोली, ती नसेल तर वापरात नसलेलं बाथरूमसुद्धा चालतं, फक्त दार नीट बंद व्हायला हवं आणि खिडकीला जाळी हवी, नुसते गज नाही, पिल्लू गजातून आरामात निघून जातं. मग तुम्ही स्वतः जमिनीवर पोटावर झोपून बघा, खरंच झोपा, उभं राहून दिसत नाही ते तेव्हा दिसतं, कपाटामागची चार बोटांची फट, बेडच्या तळाचं फाटलेलं कापड, सिंकखालचं भोक, ते सगळं बंद करा. सुई-दोरा, रबरबँड, केसांचे बो, लोकर, गिफ्टची रिबीन हे सगळं खोलीतून बाहेर, मांजराची जीभ खरखरीत असते, दोरा एकदा तोंडात गेला की तिला तो बाहेर टाकता येत नाही, गिळतच जाते. आणि कधी दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून व्हेटकडे, कारण आत आतडी त्या दोऱ्यावर गोळा झालेली असू शकतात. फुलदाणीत लिली असतील तर त्या घरातूनच काढा, पान, फूल, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतं.

खोलीत ठेवायचं काय तर लपायला एक खोका, आडवा, आत जुना टॉवेल. लिटरचा ट्रे एका टोकाला आणि खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला, जेवतो तिथे कोणालाच संडास नको असतो. दोन मांजरं असतील तर ट्रे तीन ठेवा. लहान पिल्लांना गोळे होणारं लिटर देऊ नका, ती तोंडात घालतात. बास. महागडी खेळणी, कॅट ट्री वगैरे नंतर हौस म्हणून.

पहिले तीन दिवस काहीही करायचं नाही. हे सगळ्यात अवघड जातं लोकांना. मांजर खोक्यात बसेल, भिंतीकडे तोंड करून बसेल, तुम्ही असताना खाणार नाही, रात्री खाईल. हात घालून बाहेर काढायचं नाही, नातेवाइकांना बघायला बोलवायचं नाही. दिवसातून चार-पाच वेळा आत जा, जमिनीवर बसा, तिच्याकडे टक लावून बघू नका, मोबाईल बघा, पुस्तक मोठ्याने वाचा. माझ्याकडे एक तिरंगी मांजरी आली होती, पहिले पाच दिवस मला फक्त खोक्याच्या अंधारात दोन डोळे दिसायचे आणि जवळ गेलं की फिसकारण्याचा आवाज. मी रोज संध्याकाळी तिथे बसून भाजी निवडायचे, तिच्याशी एक अक्षर बोलायचे नाही. सहाव्या दिवशी मान वर केली तर ती खोक्याच्या तोंडाशी पुढचे पाय दुमडून बसलेली, मी डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले, आणि तिनेही तसेच मिटले. मांजरांच्या भाषेत हे "तुझ्यापासून मला भीती नाही" असंच आहे, करून बघा, फक्त घाई नको. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या मांडीवर पंजांनी पीठ मळल्यासारखं करायला लागली.

घरात आधीचं मांजर असेल तर दोन आठवडे कडक वेगळं ठेवायचं. मांजर कितीही तुकतुकीत, निरोगी दिसत असलं तरी. आजार अंगात असून बाहेर दिसायला काही दिवस जातात, आणि पॅनल्यूकोपेनिया नावाचा जो आजार आहे, मांजरांचा पार्व्हो म्हणतात तो, त्याचा व्हायरस फरशीवर, कपड्यांत, बुटांच्या तळाला अगदी वर्षभरसुद्धा जिवंत राहू शकतो. लस न झालेली पिल्लं त्यात दोन-तीन दिवसांत जातात. हँड सॅनिटायझरने आणि नेहमीच्या फिनाइलने तो मरेल असं धरून चालू नका. आधी साबणाने नीट घासून घाण काढायची आणि मग साधं घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीच बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, नंतर धुवून कोरडं करायचं, तेवढा वेळ मांजर दुसरीकडे, वासाचा त्रास होतो. फॉस्टर खोलीची चप्पल वेगळी, वरून घालायचा एक जुना शर्ट वेगळा, भांडी वेगळी, आणि आपल्या मांजराचं आधी करायचं मग नवीन मांजराचं, उलटं नाही. आपल्या मांजराची लस वेळेवर झालेली आहे ना हे फॉस्टर घ्यायच्या आधी बघा. आणि एफआयव्ही-ल्यूकेमियाची, म्हणजे एका मांजराकडून दुसऱ्याला होणाऱ्या दोन व्हायरसांची, टेस्ट झाल्याशिवाय दोघांची भेट घालू नका. अंगावर गोल केस गेलेला, खवले आलेला चट्टा दिसला तर गजकर्ण असू शकतं, ते माणसांनाही होतं, घाबरण्यासारखं नाही पण पसरतं फार, त्यामुळे दिसल्या दिवशी कळवा.

आता काटा आणि वही. मला जर कोणी विचारलं की फॉस्टरचं एकच काम सांग, तर मी सांगेन रोज बघणं आणि लिहिणं. माया सगळ्यांनाच असते हो, पण व्हेटकडे गेल्यावर "कधीपासून खात नाहीये" ह्याचं उत्तर "दोन-तीन दिवस झाले असतील बहुतेक" असं आलं तर त्याला काय उपयोग. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर एक डबा ठेवून शून्य करा, पिल्लू डब्यात. रोज एकाच वेळी, खायच्या आधी. वहीत तारीख, वजन, किती खाल्लं, शी कशी होती, शू झाली का, उलटी, शिंका, डोळे, औषध किती वाजता दिलं. जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, मग रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं, म्हणजे आठवड्याला १०० च्या आसपास, महिन्याचं पिल्लू ४५० च्या जवळपास आणि दोन महिन्यांचं ९०० च्या. थोडं इकडेतिकडे चालतं, पण वाढ थांबणं चालत नाही.

एकदा माझ्याकडे चार पिल्लं होती, चौघंही पडदे चढणारी. त्यातल्या काळ्याचं वहीतलं पान असं होतं: सोमवार ४१२, मंगळवार ४१५, बुधवार ४०९. बाकी तिघं त्याच तीन दिवसांत तीस-चाळीस ग्रॅमने वाढलेली. डोळ्याला काहीही दिसत नव्हतं, खेळत होतं, ताटलीवरही येत होतं, आता वाटतं की येऊन तोंड लावत होतं फक्त. बुधवारी दुपारीच उचलून नेलं, ताप निघाला, सलाईन आणि औषध सुरू झालं, आणि ते वाचलं. शुक्रवारपर्यंत थांबले असते तर वाचलं नसतं असं व्हेटनेच सांगितलं. काट्याला दिसतं ते आपल्या डोळ्याला दोन दिवस उशिरा दिसतं.

दुधावरच्या पिल्लांचं सांगू नये असं आधी वाटलं होतं पण कधी ना कधी कोणीतरी खोक्यात घालून दारात आणून ठेवतंच, तर माहिती असावी. सगळ्यात आधी, रस्त्यात पिल्लं दिसली म्हणून लगेच उचलू नका. पोटं गोल, अंग कोरडं, गपचूप एकमेकांवर झोपलेली असली तर आई खाणं शोधायला गेलेली असते, लांबून दोन-चार तास वाट बघा, तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती येणार नाही. आईसारखं कोणी वाढवू शकत नाही. पण खरंच अनाथ असली, थंड पडलेली, रडणारी, मुंग्या लागलेली, तर पहिलं काम दूध नाही, ऊब. गार पिल्लाला दूध पाजलं तर त्याला ते पचत नाही, जीवावर बेततं. छातीशी धरा, कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, हळूहळू गरम होऊ द्या, तोंडाच्या आत बोट लावून ऊब जाणवली की मग दूध. आणि दूध म्हणजे पिल्लांसाठी मिळणारी मांजराच्या दुधाची पावडर. गाई-म्हशीचं दूध नाही, जुलाब होतात आणि एवढ्याशा जीवाला जुलाब म्हणजे काही तासांचा खेळ.

पाजताना पिल्लू पोटावर, आईला पितं तसं, माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही, दूध फुप्फुसात जातं. दूध मनगटावर थेंब टाकून कोमट लागलं पाहिजे. एका वेळी साधारण १०० ग्रॅम वजनामागे ४ मिलीपेक्षा जास्त नको, डब्यावर लिहिलंय ते बघा आणि व्हेटला विचारून पक्कं करा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्री पण, तिसऱ्या आठवड्यात चार तासांवर येतं. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मागचा भाग हलक्या हाताने पुसायचा तेव्हाच शी-शू होते, आई चाटून हेच करते, तीन आठवड्यांपर्यंत त्यांना आपलं आपण करता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे किती पिल्लं पोट फुगून जातात. वय ओळखायचं तर नाळ असेल तर पाच दिवसांच्या आतलं, डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला. चौथ्या आठवड्यापासून पसरट ताटलीत दूध कालवलेलं ओलं खाणं ठेवायचं आणि उथळ ट्रेमध्ये लिटर, ती आपोआप उकरायला लागतात, बघत राहावंसं वाटतं.

माणसाळवायचं काम दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जेवढं होतं तेवढं नंतर होत नाही, त्यामुळे त्या दिवसांत पिल्लांना वेगवेगळी माणसं, मिक्सरचा आवाज, कॅरियर, नखं कापणं, तोंड उघडून बघणं ह्या सगळ्याची सवय लावा, थोडं थोडं, खाऊ देत. कॅरियर तर कायम उघडा खोलीतच ठेवा म्हणजे तो पकडून नेणारा डबा न वाटता झोपायची जागा वाटते. फक्त हाताशी खेळू देऊ नका. आता बोट चावलं की गुदगुल्या होतात, सहा महिन्यांनी तेच मांजर दुसऱ्याच्या घरात लहान मुलाला चावेल आणि परत येईल.

मोठं मांजर आणि थांबायचं नाही अशा वेळा. बोका लिटरमध्ये परत परत जातोय, जोर करतोय, थेंबही येत नाहीये, ओरडतोय, तर त्याला बद्धकोष्ठ झालंय असं समजून सकाळपर्यंत थांबू नका, लघवी अडकलेली असू शकते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. तोंड उघडं टाकून श्वास घेणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, पिल्लाने दोन वेळचं खाणं सोडणं, मोठ्या मांजराने पूर्ण दिवस काही न खाणं (मांजर उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढते, जाड मांजराचं तर लवकर), सतत उलट्या, रक्ताची शी, हे सगळं फोन उचलण्याजोगं. आणि मनाने औषध बिलकूल नाही. तापाची माणसांची पॅरासिटामोलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. कुत्र्यासाठी असलेलं पिसवांचं मानेवर टाकायचं औषध, पर्मेथ्रिन असलेलं, तेही तसंच, लोक चांगल्या मनाने टाकतात आणि मांजर झटके येऊन जातं.

आणि तुमचं स्वतःचं. घाबरलेलं मांजर चावणार, ओरबाडणार, कधीतरी होणारच. चावलं किंवा रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीजच्या लसीचं विचारा. मांजराचे दात बारीक असतात, जखम वरून टिंबाएवढी दिसते आणि आत खोल गेलेली असते, सुजते लवकर. लाजेपोटी किंवा मांजराला नाव पडेल म्हणून लपवू नका.

लसी आणि जंताचं औषध हे संस्थेचं काम असलं तरी तारखा तुमच्या वहीत पाहिजेत. जंताचं दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी सुरू होतं, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत, एक टोचली म्हणजे झालं असं नाही. रेबीज साधारण बारा आठवड्यांना. नसबंदीबद्दल माझं मत ठाम आहे, शक्य असेल तर ती झाल्यावरच मांजर घरी द्या. मादी चार महिन्यांची असताना माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, आणि अंगावर पाजत असतानाही ती परत गाभण राहू शकते. "करू नंतर" म्हणणारे खूप जण खरंच करत नाहीत, आणि सहा महिन्यांनी त्याच घरातून फोन येतो की चार पिल्लं आहेत, घेता का.

घर शोधताना फोटो खिडकीच्या उजेडात, मांजराच्या डोळ्याच्या उंचीवरून काढा. वर्णन खरं लिहा. लाजाळू असेल तर लाजाळू लिहा, कुत्र्याला घाबरते तर तसं लिहा, खोटं लिहून दिलेलं मांजर परत येतं आणि प्रत्येक परतीत ते थोडं अजून मिटतं. घेणाऱ्यांना विचारा की खिडक्यांना जाळी आहे का, घरात सगळ्यांना हवंय का, दुसऱ्या गावी बदली झाली तर काय कराल. शेवटच्या प्रश्नाला जे थोडं थांबून, विचार करून उत्तर देतात ते मला बरे वाटतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देऊ नका, कोणी कितीही मागे लागलं तरी.

द्यायच्या दिवशी तिच्या वासाचा न धुतलेला टॉवेल, तिचं नेहमीचं खाणं आठवडाभर पुरेल एवढं, थोडं वापरलेलं लिटर पिशवीत, आणि वहीच्या पानांचे फोटो असं सगळं बरोबर द्या. पहिले दिवस एका खोलीत ठेवा, लपेल, खेचू नका, हे परत सांगा, त्यांनी हो हो म्हटलं तरी लिहूनही द्या. आणि रडू येतं. मला अजूनही येतं, त्या तिरंगीच्या वेळी तर कॅरियरचं दार लावताना हात चालेना. पण महिन्याभराने तिचा फोटो आला, एका आजोबांच्या पोटावर चारी पाय वर करून झोपलेली, माझ्याकडे ती कधी अशी झोपली नव्हती.

मग खोली धुवायची, टॉवेल गरम पाण्यात, ट्रे उन्हात, आणि सगळं ठीक असेल तर थोडे दिवस स्वतः विश्रांती घेऊन संस्थेला कळवायचं की जागा झाली. पॅनल्यूकोपेनियाची केस घरात होऊन गेली असेल तर ती गोष्ट आधी सांगायची, आणि लस न झालेली पिल्लं पुढचं वर्षभर तरी त्या खोलीत घ्यायची नाहीत. तोपर्यंत लसी पूर्ण झालेली मोठी मांजरं घ्या, दहा वर्षांची, एका डोळ्याने अधू असलेली, कोणाचे तरी मालक वारल्यामुळे उघड्यावर आलेली, त्यांच्यासाठी फोन फार कमी येतात.